निपाणीची खोपी

साऱ्या लालबाग-परळात माझ्या मामेसासऱ्यांइतका तापदायक माणूस दुसरा झाला नाही, आणि हे मी रागाच्या भरात नाही, वह्या तपासून सांगते आहे. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. घरात माणसं पाच आणि खोल्या दोन. वाण्याची यादी, धुण्याची यादी, कोणी कोणाच्या आधी मोरीत जायचं त्याची यादी, एवढं केल्याशिवाय त्या घरात एक सकाळसुद्धा निभली नसती. मामांनी त्यांतली एकही यादी कधी पाळली नाही. मोरीच्या यादीत त्यांचा नंबर तिसरा होता, ते रोज पहिले जात आणि बाहेर येऊन मलाच विचारत, "अजून कोणाची आंघोळ नाय? काय ह्या घराची शिस्त!"

चाळीस वर्षं गिरणीत माग चालवून ते घरी बसले होते. शेकडो मागांच्या खडखडाटात बोललेलं कुणाला ऐकू जात नाही. तिथली माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून आणि हातवारे करून बोलतात. ती रीत मामांनी जशीच्या तशी घरी आणली होती. बोलायचे ते तीन मजल्यांना कळेल असं. आपण बोलायला लागलो की तोंडासमोर येऊन असे रोखून बघायचे की काय सांगायचं होतं ते आपणच विसरावं. संयुक्त महाराष्ट्राची सभा असली की संध्याकाळच्या सभेला दुपारपासून पहिल्या रांगेत बसून राहायचे. मागे बसणं म्हणजे त्यांना स्वतःचा अपमान वाटे. परत आले की भाषणाचा निकाल द्यायचे, "माणूस बरो आसा. हात कसो चलता तेचो, बघूक होया होतंस! असो हात खोटा बोलूचो नाय." पण वक्ता म्हणाला काय, असं विचारलं की, "ता उद्या पेपरात येतला. वाचूक येता मगे तुका?" मास्तरीणबाईला हा प्रश्न!

अशाच एका सभेहून ते कोटाच्या आत कुत्र्याचं पिल्लू घेऊन आले. काळी, पांढऱ्या पायांची, टीचभर कुत्री. नाव त्यांनी वाटेतच ठेवलं होतं : निपाणी. का, तर बेळगाव-कारवार मोठी नावं, हाक मारताना दम लागतो. चार दिवसांत निपाणीनं गॅलरीतल्या वाळवणावर निजून, चपला कुरतडून आणि तिसऱ्या खोलीतल्या बाईंच्या सोवळ्यात शिरून आपली हद्द ठरवली. पाचव्या दिवशी चाळ कमिटीचे सेक्रेटरी वर आले. कुत्रं खोलीत नको, गॅलरीत नको, जिन्यात नको. मागच्या अंगणात, नळापलीकडे घर करून ठेवा. पंधरा दिवसांत तिथं टिकलं तर राहील, नाहीतर चाळीतून हलवा.

"म्हणजे निपाणी बाहेर!" मामा गरजले. "दिल्लीवाले तरी वेगळा काय सांगतत?"

सेक्रेटरी बिचारे स्वतः दोनदा सत्याग्रहात जाऊन आलेले. त्यांचा चेहरा बघवेना. पण ते बधले नाहीत, आणि ते गेल्यावर मामा ताटावरून उठून म्हणाले, "ती गेली तर मीय गावाक जातलंय." गावाला त्यांचं कुणी उरलं नव्हतं. घराला बारा वर्षं कुलूप होतं. आणि मामा उगाच बोलणारे नव्हते. त्यांनी खरोखरच ट्रंक पुसायला काढली.

मे महिन्याची सुट्टी होती. मी कामगिरी हातात घेतली. दादरला राहणाऱ्या आमच्या हेडबाईंनी कुत्री पाळलेली होती. त्यांना विचारून वहीत रीतसर उतरवलं. तिच्या घरात जुनं, आपल्या वासाचं फडकं घालायचं. खाणं आतच द्यायचं. ओढून आत कोंबायचं नाही. आधी जवळ बसायचं, मग रोज थोडं लांब. ओरडली म्हणून लगेच उचलायची नाही.

घर मामांनी केलं, ते मात्र नामी. रे रोडच्या वखारीतून लाकडी खोकं आणलं, वर पत्रा ठोकला, उंबराही बसवला. त्याला ते खोपी म्हणायचे. पुढे सगळा आनंद. जुनं फडकं सांगितलं, तर यांनी माझं ठेवणीतलं लुगडं घातलं. "नव्या घरात जुना फडका? तुझ्या लग्नात आम्ही असा केला काय?" खाणं आत ठेवायचं, तर निपाणीला खात्री पटावी म्हणून मामा स्वतः कमरेपर्यंत खोपीत शिरून भाकरी खात बसले. नळावर पाणी भरायला आलेल्या बायकांना नुसते दोन पाय दिसले. एकीनं हंडा टाकून दिला. बाहेर निघाल्यावर हेच तिच्यावर चिडले, "जेवणाऱ्या माणसाकडे असा बघतत?"

तरीही निपाणी आत जाऊ लागली, झोपू लागली. आणि मग मध्येच, काही कारण नसताना, तीरासारखी सुटून जिना चढून आमच्या खाटेखाली. पहिल्या रविवारी मामांनी तिला पिशवीत घालून सभेला नेलं, तो दिवस फुकट गेला. सोमवारपासून मी वेळा टिपल्या. बुधवारी वहीकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. सात, साडेअकरा, साडेतीन. गिरणीचा भोंगा! आमची गिरणी भिंतीपलीकडे, त्यात डोक्यावर पत्रा. मोठ्या माणसाच्या काळजात धस्स व्हावं, ती तर टीचभर.

मी मामांना समोर बसवून सांगितलं, "भोंग्याच्या वेळी तिच्यापाशी बसा. वाजला की तिला धरा. एवढं एकच करा."

"हां हां. चाळीस वर्षां भोंग्यावर काढली मी. माका शिकवतंस?"

दुसऱ्या दिवशी मी गॅलरीतून बघत होते. साडेअकराला भोंगा कोकलला. मामा खोपीपासून दोन हातांवर बसून शांतपणे सुपारी कातरत होते. निपाणी त्यांच्या मांडीवरून उडी मारून पळाली. मामांनी मान वर केली. "आता हिका काय झाला?"

माझ्या अंगाची लाही झाली. तिसऱ्या दिवशीही तेच, चौथ्या दिवशीही तेच. एवढा हट्टी माणूस! ट्रंक दाराशी आणून ठेवायची, पण बाईनं सांगितलं म्हणून हात पुढे करायचा नाही. मी नवऱ्याला सांगून टाकलं, या पिल्लाचं वाटोळं तुमच्या मामांच्या अहंकारापायी होणार आहे.

मुदतीला चार दिवस राहिले असताना हरताळ झाला. गिरण्या बंद, ट्राम बंद, रस्ता असा शांत की कावळ्यांनाही संकोच वाटावा. निपाणी सकाळपासून खोपीत पसरली होती. सात गेले, हलली नाही. मी वही घेऊन अंगणात उतरले. सिद्धान्त सिद्ध झाला होता आणि तो मामांना तोंडावर ऐकवायचा होता. साडेअकराच्या सुमाराला भिंतीची सावली नळाला टेकली तशी मामा गुडघ्यांवर हात ठेवून उठले.

"चल गो सूनबाय. भोंगो वाजलो. जेवूक वाढ."

भोंगा आज वाजलाच नव्हता. मी वही मिटली. मागच्या कितीतरी गोष्टी एकदम डोळ्यांपुढे आल्या, पहिली रांग आणि त्या वक्त्याचा हातसुद्धा. जेवायला वाढलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना म्हटलं, "हेडबाईंनी नवीन नियम सांगितलाय. वेळ असो नसो, जवळ बसलात की हात तिच्या पाठीवरच ठेवायचा. अंग थरथरलं की दाबून धरायचं." आयुष्यात पहिल्यांदाच मी वहीत खोटं लिहिलं.

साडेअकराला निपाणी थरथरली. मामांचा हात घट्ट बसला. ती धडपडली, कुईकुई केली, आणि राहिली. मामा आपल्या हाताकडे बराच वेळ बघत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मोठ्यान वाजता गो हल्ली."

पंधराव्या दिवशी सेक्रेटरी मुद्दाम भोंग्याच्या वेळेला आले. मामांचा एक हात निपाणीच्या पाठीवर होता; दुसऱ्याचं बोट त्यांनी वर केलं. "वाजलो!" अगदी बरोबर, त्याच क्षणाला. निपाणी जागची हलली नाही. ट्रंक माळ्यावर गेली. त्यानंतर मामा रोज तीन वेळा अंगणातून चाळभर ओरडून भोंगा वाजल्याची वर्दी देऊ लागले. जणू तो ऐकायला आम्हाला कुणाची मदत लागत होती.

जून उजाडला तशी निपाणी भोंग्याला सरावली. आधी नुसता कान हलवी, मग तोही नाही. एका दुपारी मी वाळत घातलेले कपडे काढत होते. मामा तिच्या पाठीवर हात ठेवून कधीचे बसले होते. त्यांनी वर बघितलं.

"आज गिरणी बंद आसा काय गो?"

भोंगा नुकताच वाजून गेला होता. निपाणी घोरत होती. मी कठड्याशी आले, त्यांना माझे ओठ दिसतील अशी उभी राहिले आणि म्हटलं, "वाजला, मामा. आत्ताच."

दुसऱ्या दिवसापासून घरी असले की भोंग्याबरोबर मी गॅलरीत येऊन हात वर करू लागले. दर वेळी मामा खालून वैतागून हात झटकत : कळलंय, कळलंय. सुट्टी संपून शाळा सुरू झाली तरी त्यांची दुपारची वर्दी चुकली नाही, असं शेजारणी सांगत. तेव्हा भोंगा त्यांना कोण सांगत असे, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.