काकवीच्या बाटलीतलं फिनेल

काळ्या फिनेलचा वास आला की सांगलीजवळच्या सासरची सत्तरच्या दशकातली ती दुपार आठवते. गुऱ्हाळाचे दिवस होते. रजेवर आलेल्या फौजी दिरांनी फरशी पुसायला सुटं फिनेल आणलं आणि काकवीच्या रिकाम्या बाटलीत भरून स्वयंपाकघरात ठेवलं. मामंजी जेवायला बसले, हाताशी आलेली तीच बाटली भाकरीवर ओतली. रंग काकवीचाच, आणि तपकिरीनं बधिर झालेल्या त्यांच्या नाकाला वास कुठला कळायला! मला कळला, पण मी नवी सून, सासऱ्यांसमोर बोलायची रीत नव्हती. त्यांनी घास उचलला. घास ओठाशी गेला तशी मी धावले आणि त्यांच्या हातावर फटका मारला. "सासऱ्यावर हात टाकतीस?" सासूबाई चुलीपासून उठल्या, ताटाजवळ आल्या आणि वासानं जागीच थिजल्या. मग बाटली उकिरड्यावर गेली, फरशीला कडुलिंबाच्या पाल्याचं उकळलेलं पाणी आलं. मामंजी बराच वेळ हात चोळत बसले होते. म्हणाले, "पोरी, म्होरल्या बारीला तोंडानं सांग." आज माझ्या घरी फरशी त्याच पाण्यानं पुसतात, आणि माझी सून सासऱ्यांना भर जेवणात टोकते. मी तिला अडवत नाही.