तिने दिलेले सोमवार

बातमी आली तेव्हा मी नागपूरच्या इतवारीत भांड्यांच्या दुकानी एका पितळी डब्यासाठी घासाघीस करीत होतो. शेजारचे बापूराव धापा टाकीत आले आणि म्हणाले, “घरी चाला, वहिनीले बरं नाही.” मी त्यांना हातानेच थांबवले. दुकानदार भावात उतरायला आला होता, आणि असा मोका मी आयुष्यात कधी सोडलेला नाही. बापूराव बिचारे हातगाड्यांच्या गर्दीत अंग चोरून उभे राहिले. डबा काखेत मारून मी विजयी मुद्रेने निघालो, वाटेत त्यांना सौद्याची हकीकतही रंगवून सांगितली. ते नुसते ‘हो, हो’ म्हणत राहिले. माझी बायको अनसूया तेव्हा गेलेलीच होती. भर बाजारात ते सांगायला त्यांची जीभ रेटली नाही, आणि पुढे घरापर्यंत मी त्यांना बोलू दिले नाही... माझी बढाई ऐकायला ती असती तर म्हणाली असती, “झाकण तरी बसते का पाह्यलं?” बसत नाही.

दिवसकार्य उरकले, पाहुणे पांगले, मुलगी आपल्या घरी जबलपूरला गेली. आता कचेरीतून आल्यावर कुलूप मीच काढतो आणि आल्याची वर्दी कोणाला द्यायची नसूनही उंबऱ्यात खाकरतो. लोक भेटतात, वहिनी फार सोशिक होत्या म्हणतात. मी मान डोलावतो. ती सोशिक वगैरे मुळीच नव्हती. महाल भागातल्या मुलींच्या शाळेतली तिची नोकरी कशी गेली, हे ज्यांना ठाऊक आहे ते तरी असे म्हणणार नाहीत. त्या प्रकरणात अक्कल माझी होती आणि निस्तरणे तिचे, आमच्या संसाराच्या रीतीप्रमाणेच.

ती नरखेडकडच्या खेड्यातली, संत्र्यांच्या बागेत वाढलेली. हट्टाने शिकली, मास्तरीण झाली. आमचे पहिले मूल सातव्या महिन्यात गेले. पाय सुजत होते, पण आधीच्या शाळेत दिवसभर वर्गात उभे राहिल्याने सुजतात असे आम्ही सगळे शहाणे म्हणत राहिलो. दुसऱ्या खेपेला ती कोणाला न विचारता बायकांच्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पाय दाबून पाहिले, लघवी तपासली आणि बजावले, “हर सोमवार आना. एक भी सोमवार छूटना नहीं चाहिए.” गरोदर बायकांना त्या सोमवारीच तपासत, आणि तेही दुपारी, ऐन शाळेच्या वेळात.

शाळेचे चिटणीस नानासाहेब. माणूस वाईट नव्हता. मुलींना शिकवणे म्हणजे थट्टेचा विषय होता तेव्हापासून त्यांनी पदरमोड करून शाळा चालवली होती. पण शाळेच्या वेळात शिक्षिकेने फाटकाबाहेर पाऊल टाकायचे नाही, हा त्यांचा नियम. शिवाय दिवस गेलेली बाई मुलींपुढे उभी राहणे शोभत नाही, हे त्यांचे मत साऱ्या महालाला माहीत. म्हणजे कारण सांगितले की नोकरी गेली, आणि न सांगावे तर दवाखाना चुकला. सांगायचे म्हटले तरी ते बोलायचे कोणी? बायकोला दिवस गेलेत हे वाक्य परक्या पुरुषापुढे उच्चारण्याची माझी प्राज्ञा नव्हती. माझ्या सख्ख्या काकांनाही ते डोहाळजेवणाचे आमंत्रण गेल्यावरच कळले असते.

अर्ज लिहिण्यात मात्र माझा हात धरणारा नागपुरात कोणी नाही, असा माझा समज. ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ दर सोमवारी दोन तासांची सुटी मिळावी असा झोकदार अर्ज मी लिहून दिला. उत्तर आले की, प्रकृती नाजूक असेल त्यांनी घरीच राहावे. मग मी जातीने भेटायला गेलो. नानासाहेब पूजेवरून उठून आले होते, कपाळावर भस्माचे पट्टे. ते पाहिले मात्र, आणि माझ्या डोक्यात वीज चमकली. मी हात जोडून म्हणालो की, संकोचामुळे अर्जात लिहिले नाही, पण घरातून सोळा सोमवार धरले आहेत आणि दुपारी तेलंगखेडीच्या महादेवाचे दर्शन घेण्याचा संकल्प आहे. नानासाहेब विरघळले. डॉक्टरसाठी न उघडणारे फाटक महादेवासाठी सताड उघडले. मी घरी येऊन मिशीला पीळ देत ही मसलत सांगितली. अनसूया पोळी लाटायची थांबली. “काहून असं बोलले तुम्ही? मले उपास करा लागन ना आता.”

ते माझ्या लक्षातच आले नव्हते. सकाळी तिच्या पोटात काही ठरत नसे, जे काय टिकायचे ते दुपारचे जेवण. आता सोमवारी तिच्यापुढे चहाचा कपसुद्धा ठेवायचा नाही, अशी ताकीद नानासाहेबांनी शाळाभर दिली. प्रसादाचा बेलही मागू लागले. कचेरीमागच्या झाडाची पाने तोडून मी आदल्या संध्याकाळी तिच्या पिशवीत घालीत असे, आणि नानासाहेब ती डोळ्यांना लावीत. दवाखान्यात वजन भरेना. डॉक्टरीणबाई तिच्यावर खेकसल्या, “खाती क्या हो? हवा?” तिने घरी येऊन मला त्यांची नक्कल करून दाखवली. मी हसलो. ती हसली नाही.

पुढे माझ्या बुद्धीला आणखी फळे आली. व्रतस्थ बाईने उन्हात पायी जावे हे नानासाहेबांच्या जिवाला लागले आणि त्यांनी आपला टांगा देऊ केला. जुना विश्वासू टांगेवाला, आणि बरोबर त्यांच्या घरच्या वृद्ध मावशी. अनसूयेला नाही म्हणता येईना. त्या सोमवारी तिला खरोखरच तेलंगखेडीला जावे लागले, तेही उपाशी पोटी. दवाखाना चुकला. संध्याकाळी तिने पाय पुढे केला आणि बोटाने दाबला. खळगा पडला, तो भरून येईना. “पाहून घ्या,” एवढेच म्हणाली. रात्रभर ती भिंतीकडे तोंड करून होती. मी दुसऱ्या कुशीवर पडून नवी युक्ती शोधत होतो. माझ्या बाबतीत हे व्यसनासारखे आहे.

पुढच्या सोमवारी नानासाहेबांनी मलाही बोलावले होते, जोडीने दर्शन घडावे म्हणून. मी कचेरीतून सुटी काढून धुतलेले उपरणे घालून गेलो. फाटकाशी टांगा उभा. अनसूया वर्गातून आली ती सरळ ओसरीवर बसली, पिशवीतला डबा काढला आणि नानासाहेबांच्या देखत भाकरी खाऊ लागली. संथपणे, घास मोजल्यासारखी. नानासाहेब थिजले. मी घाईने म्हणालो की, बहुधा तिला वाराचा विसर पडला असावा. माझ्याकडे कोणी पाहिलेसुद्धा नाही.

“नानासाहेब, मला दिवस गेलेत,” ती म्हणाली. “मी महादेवाला जात नव्हते, दवाखान्यात जात होते. पहिलं गेलं. हे मी जाऊ देणार नाही.”

नानासाहेबांनी कपाळावरच्या भस्माला हात लावला. “देवाच्या नावाने खोटं बोललात?”

“तुमच्याशी बोललो. महादेवाले सारं ठाऊक होतं.”

बोललो... खोटे माझे होते, तिने निम्मे आपल्या पदरात घेतले. मी उपरण्याची दशी चाळवत उभा. नानासाहेबांनी उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितले. तिने शेवटचा घास संपवला, हात धुतले, डबा मिटला आणि जाऊन त्यांच्याच टांग्यात बसली. टांगेवाल्याला दवाखान्यात घ्यायला सांगितले. त्याने एकदा मालकाकडे पाहिले, एकदा तिच्या पायांकडे, आणि घोडा हाकला. मी मागून चालत गेलो.

उरलेला एकही सोमवार तिने चुकवला नाही. नोकरी गेल्याने वेळ भरपूर होता. थंडीत मुलगी झाली, चांगली खणखणीत रडणारी. शाळेने पुन्हा कधी विचारले नाही. त्या वाटेने जाताना मुलींचे पाढे ऐकू आले की ती मिनिटभर थांबे, मग पदर सारखा करून चालू लागे.

बाळंतपणानंतर तिने माझा हिशेब घेतला. व्रत कोणी बोललं? तुम्ही. मग फेडा. माझे सोळा सोमवार झाले तेव्हा म्हणाली की मन लागले नव्हते, हे धरत नाही. मग आणखी सोळा. नंतर मोजणेच सुटले. कचेरीत चोरून चिवडा खाल्ला तर माझ्या तोंडावरून ओळखायची. संध्याकाळी दिवा लावून झाला की ताट वाढायची आणि आतून हाक मारायची, “झाली सजा, या जेवाले.” ती हाक येईपर्यंत मी पाटावर बसत नसे. इतकी वर्षे ती एकदाही चुकली नाही.

जाताना मुलगी म्हणाली, बाबा, आता उपास पुरे. मी हो म्हटले. पण सोमवारी मला दिवसभर काही गिळवत नाही. त्यात भक्तीचा भाग नाही. परवाच्या सोमवारी खिचडी केली, बुडाशी थोडी लागली. दिवा लावला, ताट वाढले आणि ओसरीवर येऊन बसलो... बराच वेळ बसलो. मग तिचे ते हाकेचे वाक्य मीच म्हणून पाहिले. रिकाम्या घरात आवाज फार मोठा निघाला. भिंतीपलीकडून बापूरावांनी विचारले, “काय झालं गा?”

काही नाही म्हटले, आणि आत जाऊन ताट झाकून ठेवले.