मासे लागत होते तेव्हा

भाद्रपदातली दुपार. तापलेल्या खडकाला सुकल्या शेवाळाचा उग्र, किंचित खारट वास येत होता आणि कन्हानचं पाणी तळचा वाळूकण दिसावा इतकं नितळ होतं. लग्नाला जेमतेम वर्ष झालं असेल. आठवडाभर कचेरीत मान मोडून कारकुनी करायची आणि रविवार उजाडला की एस.टी.नं खाप्याला येऊन नदीत गळ टाकायचा, हे आमच्या यांचं वेड. मासा केव्हा लागतो यावर तासन्‌तास बोलत. ऊन माथ्यावर असताना तो डोहात दडतो, मळभ दाटलं की वर येतो, पूर्वेचा वारा सुटला की सरळ घरी निघावं. एवढं सगळं ठाऊक, पण पोहता येत नव्हतं! मी चिडवलं की म्हणत, "मले मासे धरायचे आहेत वं, त्यांच्यासंगं पोहायचं थोडीच आहे!" मलाही कुठं येत होतं म्हणा.

घोटाभर पाण्यातून चालत जाऊन आम्ही पात्राच्या मधोमध एका खडकावर बसलो होतो. दुपार कलली तरी गळाच्या दोरीला बांधलेलं, पाण्यावर तरंगणारं बूच जागचं हललं नव्हतं. आणि मग एकाएकी ते बुडालं. रोहू! तो काढतात न काढतात तोच दुसरा, मग आणखी एक. यांना आमिष लावायची फुरसत मिळेना आणि मी लहान मुलीसारखी टाळ्या पिटत होते.

पिटता पिटताच मला ओल्या मातीचा वास आला. आभाळ तर स्वच्छ होतं. खाली पाहिलं, तर मघाचा तळ दिसेना. पाण्याला तांबूस झाक आली होती, काटक्या-पानं वाहत येत होती. वर डोंगरात कुठंतरी पाऊस कोसळला होता. मी यांचा दंड धरून हलवला.

"अहो, पाणी चढून राहिलं, चला न!"

"थांब वं, आत्ताच तर लागून राहिले!"

मी यांच्या हातातली गळाची काठी हिसकावून नदीत फेकली. तिला मासा लागलेलाच होता. खडकावरून उतरलो, तर घोट्याचं पाणी आता कमरेला आलं होतं, पायाखालची वाळू सरकत होती आणि यांनी माझं मनगट असं आवळलं होतं की मेलो तर दोघंही मरणार, एवढंच मला कळत होतं. तशी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही. काठावर येऊन मागे वळलो, तर खडक दिसत नव्हता.

पाणी गढूळ होऊ लागलं की किडे-गांडुळं वाहून येतात, म्हणून मासे अधाशासारखे खातात, असं यांनी मला पुढं समजावलं. असेलही. पण कित्येक वर्षांनी घरात एकामागून एक सगळं मनासारखं घडू लागलं, यांना बढती मिळाली, पाठोपाठ मुलीचं लग्न जमलं, तेव्हा सगळे पेढे वाटण्यात गुंतले होते आणि मी खिडकीशी उभी राहून ओल्या मातीचा वास येतो का, ते पाहत होते.