फोटोत वाघ नको

लग्न ठरलं तेव्हा मला सांगितलं होतं, मुलगा फोटोग्राफर आहे, स्वतःचा स्टुडिओ आहे. मुलगा पडद्याचा वेडा आहे हे कुणी सांगितलं नाही. आमचे हे आलेल्या माणसाकडे नंतर बघतात, आधी त्याच्या पाठीमागच्या पडद्याकडे. त्यावर एक सुरकुती दिसली की गिऱ्हाईक स्टुलावर तसंच आणि ह्यांची इस्त्री सुरू! एक नवरदेव तर कोट-टाय घालून बसल्या बसल्या घोरायला लागला होता.

यंदा भिंतीला ओल आली आणि आमचा माळ, तळं नि डोंगर रंगवलेला पडदा कुजला. तळ्याला ही एवढाली भोकं पडली. मी म्हटलं, छापलेला विकत आणा, हाय काय नि नाय काय. ह्यांनी दोन-तीन आणले, टांगले, आणि नाक मुरडून उतरवले.

"अगं, ह्या डोंगरावर ऊन उजवीकडून आलंय. आपली खिडकी डावीकडे. माणसाच्या तोंडावर एकीकडून उजेड, मागे दुसरीकडून. आपल्याकडे काय दोन सूर्य आहेत?"

"कोण बघतंय हो ते?"

"मी बघतोय ना."

झालं! पांढऱ्या भिंतीपुढे फोटो काढायला लागले, आणि गिऱ्हाईक रोडावलं. मग एका दुपारी शटर अर्धं ओढून म्हणाले, "मनासारखा पडदा नाही मिळाला तर यंदा बंद करू." सगळा जन्म मी त्या काउंटरवर काढला. लोकांचे भांग सरळ केले, रडकी पोरं हसवली. स्टुडिओ गेला तर दिवसभर घरात बसून ह्यांच्याशी भांडण्यापलीकडे मला काम काय?

अशात मुलीनं आम्हाला जंगल सफारीला पाठवलं. "बाबा, वाघाचे झक्कास फोटो आणा." हे लगेच तयार! म्हणाले, "तिथे माळ असेल. तळंही असेल." मी मनात म्हटलं, आता बघा गंमत.

आणि झालीही. हरणं समोर आली की हे कॅमेरा खाली करायचे. मोर आला की चुकचुकायचे. शेवटी जीप चालवणाऱ्यानं विचारलं, "साहेब, फोटो कशाचा काढताय?"

"रिकाम्या जागेचा. मध्ये माणूस मावेल एवढी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी कपाळाला हात लावला.

सकाळच्या फेऱ्या तशाच गेल्या; एक तळं ह्यांना आवडलं, पण तिथे ऊन उजवीकडून! शेवटची फेरी तेवढी संध्याकाळची होती. त्याच तळ्याकाठी ह्यांनी जीप थांबवली. पुढे गवताचा मोकळा पट्टा, मग पाणी, लांबवर निळे डोंगर. ऊन डावीकडे, पण अजून कडक. "कोवळं होईपर्यंत थांबू," हे म्हणाले. तेवढ्यात दुसऱ्या जीपवाल्याकडून कळलं, पलीकडच्या ओढ्यावर वाघ दिसलाय.

"चला, चला," मी म्हटलं.

"थांबायचं."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "लेकीला जाऊन गवत दाखवणार आहात का?"

हे हळूच म्हणाले, "अगं, हे नाही जमलं तर पडदा नाही."

पडदा नाही म्हणजे काय, ते मला माहीत होतं.

ऊन कोवळं झालं, गवत सोन्यासारखं दिसायला लागलं. ह्यांनी कॅमेऱ्याला डोळा लावला, आणि गवतातून वाघ बाहेर आला! अस्सा डुलत आला आणि बरोबर मधोमध बसला.

मी ह्यांची बाही ओढली, "अहो काढा, काढा!"

ह्यांनी मान वर केली. स्टुडिओत मध्ये लुडबुडणाऱ्या पोरांशी बोलतात ना, अगदी त्याच आवाजात म्हणाले, "जरा बाजूला सरक रे बाबा. ऊन चाललंय."

वाघानं जांभई दिली आणि निवांत पंजा चाटायला घेतला.

इकडे सूर्य डावीकडच्या झाडांना टेकायला आला. ह्यांचं बोट बटणावर, कपाळावर घाम. ते तोंड बघितलं आणि मला कळलं, हा माणूस हरला तर घरी जाऊन खरंच कुलूप लावेल. मग काय, मीच सुरू झाले, "ऊठ ना रे मेल्या! ऊठ की! किती बसशील?" जीपवाला आ वासून बघत होता. वाघानं जावं म्हणून जीव टाकणारी माणसं त्यानं पहिल्यांदाच पाहिली असणार.

शेवटी महाराज उठले, आळस दिला, पाठ फिरवून गवतात गेले. खट्! एकच फोटो, आणि ऊन गेलं.

"जमलं," हे म्हणाले. माणूस लहान मुलासारखा हसत होता. इतका आनंद झाला मला, की मी जीपवाल्यालाच टाळी दिली.

पडदा छापून आला. टांगला, खिडकी उघडली, आणि तोंडावरचं ऊन नि मागचं ऊन एक झालं. पहिलं गिऱ्हाईक एक आजी, नेहमी पोक काढून बसणाऱ्या. हे स्टूल इकडे सरकवत होते, तिकडे सरकवत होते.

"अहो, आता काय?" मी म्हटलं.

"तो इथे बसला होता," हे म्हणाले, आणि आजींना सांगितलं, "आजी, तुम्ही बसलात ना, बरोबर तिथे वाघ बसला होता."

आजींची पाठ ताठ झाली. मान वर, डोळे लखलखीत. असा फोटो आला की त्यांनी मोठा करून मागितला, आणि वाघाची गोष्ट सांगत गावभर दाखवला.

आता लोक आत येतात ते फोटोचं विचारतच नाहीत. "वाघाची जागा मोकळी आहे का?" म्हणतात. आणि मी काउंटरवरून ऐटीत सांगते, "बसा जरा, तुमच्या आधी चार वाघ आहेत."