जुन्या हाकेला ओ

दादाचा फोन आला तेव्हा मी उल्हासनगरच्या बाजारात पडद्याच्या कापडावरून घासाघीस करत होते. "मानसी गेली," तो म्हणाला. मी विचारलं, "कुठे?" वहिनी घराबाहेर पडायची ती भाजीला नाहीतर बँकेत, म्हणून मी आणखी शहाणपणा केला, "अरे, मग येईल की." त्यावर माझा मोठा भाऊ ज्या आवाजात रडला, तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. दुकानदाराने हातातली कात्री खाली ठेवली. "जाओ दीदी," तो म्हणाला, "कपडा कहीं नहीं जाता." अंबरनाथ पूर्वेला दादाच्या घरी पोचेपर्यंत रिक्षात मला स्वतःच्या त्या "कुठे?"ची लाज वाटत होती आणि खरं सांगायचं तर, अजूनही उत्तर हवं होतं. सकाळी चहा ठेवायला उठली आणि ओट्यापाशीच कोसळली, एवढंच कळलं.

मानसीवहिनी माझी नुसती वहिनी नव्हती, मी ज्या एकाच माणसाला मनसोक्त चिडवू शकायचे ते माणूस होती. तीही मला मुद्दाम "वन्सं" म्हणायची, पदर नसलेल्या ड्रेसवर पदर सावरल्यासारखं करून. ती भयंकर भित्री होती. कुकरच्या शिट्टीला दचकायची, लिफ्टमध्ये एकटी जायची नाही, पालीला तर आधी आवाज देऊन मगच खोलीत शिरायची. आमची आई सगळ्या सोसायटीला सांगत सुटली होती की सून लायब्ररीत आहे. एक काकू दिवाळी अंक मागायला दारात आल्या तेव्हा वहिनीला सांगावं लागलं की ही लायब्ररी पुस्तकांची नाही, कम्प्युटरच्या प्रोग्रामांना लागणारी आहे. मग तिने आम्हा सगळ्यांना बसवून समजावलं. दुकानात माळ्यावर एक कम्प्युटर असतो, खाली काउंटरवर एक. खालच्याला वरच्यातली फाइल नेटवर्कवरून हवी असते. ती कशी आणायची हे प्रत्येक प्रोग्राम स्वतः शिकत बसत नाही, तो वहिनीच्या लायब्ररीला हाक मारतो. हाका ठरलेल्या: उघड, आण, बंद कर. लायब्ररी ओ देते आणि आतली धावपळ करते. "आत मी वाटेल ते बदलीन," वहिनी म्हणाली, "पण बाहेरून जी हाक येते, तिला ओ द्यायलाच पाहिजे. कम्प्युटर अपडेट होतो, माझी लायब्ररी नवी येते, पण मागणारा प्रोग्राम जुनाच असतो ना. तो बिचारा जुनीच हाक मारणार." आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे पुस्तकं अजिबातच नाहीत?"

त्या हाकांपैकी एकीचं स्पेलिंग खुद्द वहिनीनेच नोकरीच्या सुरुवातीला चुकवलं होतं. "रिसीव्ह"मधला आय आणि ई उलटे पडले. लक्षात येईपर्यंत ती चूक किती कम्प्युटरांवर पोचली होती देव जाणे. तिने शेजारी बरोबर स्पेलिंगची हाक तयार केली, पण चुकीची काढली नाही. दोन्हींना आतून ओ देणारी एकच. तिच्या हाताखालच्या निखिलला हे सहन होत नव्हतं. हुशार पोरगा, बदलापूरचा, ती घरून काम करायची म्हणून अधूनमधून तिच्याकडेच येऊन बसायचा. मागच्या उन्हाळ्यात एका शनिवारी तो आला तेव्हा मी तिथे पोळ्या लाटत होते, म्हणजे आकार बघून दादा त्यांना नकाशे म्हणतो त्या.

"मॅडम, निकाल देते हैं ना ते चुकीचं स्पेलिंग," निखिल म्हणाला. "इतकी वर्षं झाली. वापरतं कोण?"

"माहीत नाही."

"मग?"

"माहीत नाही म्हणूनच, निखिल."

"नोटीस टाकू ना आधी. नव्या व्हर्जनमध्ये हे बंद होणार म्हणून."

"ज्याने तो प्रोग्राम लिहिला तो कधीच सोडून गेला. ज्याच्या काउंटरवर चालतो त्याला आपण आहोत हेच ठाऊक नाही. नोटीस वाचणार कोण?"

मी लाटणं थांबवून मध्ये पडले. म्हटलं, वहिनी, एक फाइल उघडली नाही तर कोणी मरणार आहे का? तिने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पाल दिसल्यासारखा झाला होता. "ते मला कळलं असतं तर किती बरं झालं असतं, वन्सं," ती म्हणाली. "इथून काही दिसत नाही. नुसती हाक येते."

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. दुपारी जेवणाच्या वेळी वाजायचाच. चामटोलीहून तिचे वडील, आप्पा. शेतकरी माणूस, आता सगळी शेती विसरलेले. त्यांच्या फोनवर एकच बटण दाबून धरलं की वहिनीला लागायचा, तेवढं मात्र हाताला पाठ होतं. "कुंदे, जेवलीस का गो?" पलीकडचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचा. "जेवले, आप्पा," वहिनी म्हणाली, ताटं अजून मांडायची होती तरी. "तुम्ही?" "जेवलो." खट्.

निखिलने विचारलं, कुंदा कोण? मी सांगितलं. लग्नात आमच्या आईने दादाच्या मिलिंद नावाला शोभेल म्हणून मानसी नाव काढलं, दादाने ते ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलं, आणि त्या दिवसापासून कुंदा फक्त चामटोलीत उरली. निखिल खूप हसला. "म्हणजे मॅडमचंपण जुनं नाव चालू आहे." वहिनी हसली नाही. "आप्पा आता नवं काही शिकणार नाहीत," ती म्हणाली. "मग मीच बदलायचं नाही." निखिलने हात जोडले, पुढच्या वेळी बघू म्हणाला, आणि नकाशे संपवून गेला.

वहिनी गेल्यावर आप्पांना आणलं होतं. त्यांनी तिच्या पायांवरून हात फिरवला, खूप रडले. तिचा भाऊ त्यांना परत घेऊन गेला. नंतरच्या गडबडीत वहिनीचा मोबाइल कपाटात राहिला, चार्जिंग संपून बंद पडला, आणि बंद पडला हे आमच्या कोणाच्या मनातही आलं नाही. मग एका दुपारी चामटोलीहून तिच्या भावाचा फोन आला: आप्पा घरात नाहीत. ती दुपार मी कशी काढली ते मला सांगता येणार नाही. विहिरी, रस्ता, डंपर, काय काय डोळ्यांसमोर आलं. शेवटी एका रिक्षावाल्याने त्यांना घरी आणलं. सोनिवलीच्या रस्त्यावर एका नव्या बिल्डिंगच्या गेटशी उभे होते, एका पायात चप्पल नाही. रिक्षावाल्याने विचारलं, आजोबा, कुठे? तर म्हणाले, "कुंदा फोन उचलत नाय."

तिच्या भावाने त्यांना जवळ बसवून पुन्हा सांगितलं. ते पुन्हा तसेच रडले, पहिल्यांदा ऐकल्यासारखे. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी त्यांनी परत बटण दाबलं. तिच्या भावाने हात टेकले. "रोज तिला नव्याने मारू का मी?" तो म्हणाला. दादाला तर तो फोन हातातही धरवेना. मग तिच्या जागी फोन कोणी उचलायचा म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, माझा आवाज फाटका आहे, त्यांना कळेल. कोणीच ऐकलं नाही.

पहिल्या दिवशी फोन वाजला तेव्हा उचलायचं सोडून मी तो जवळजवळ कापलाच होता. "कुंदे, जेवलीस का गो?" मी कुंदा आहे असं म्हणायला जीभ वळेना. पण त्यांनी ते विचारलंच नव्हतं. विचारलं होतं त्याचं उत्तर दिलं, "जेवले, आप्पा. तुम्ही?" "जेवलो." खट्. त्या दिवसापासून वहिनीचा फोन माझ्याकडे उल्हासनगरला असतो. निदान तेवढं तरी खोटं नको, म्हणून मी तो वाजायच्या आधी खरोखरच जेवून घेते. एरवी तीनशिवाय न जेवणारी बाई मी, आता बाराला ताटावर असते, त्यामुळे ब्लाउज शिवणारी हल्ली टेप गळ्यातच ठेवून नुसती बघते. लाईट गेली की मी चार्जर घेऊन शेजारच्या सिंधी आंटींच्या इन्व्हर्टरकडे पळते. "फोन है या बच्चा है?" आंटी विचारतात. मला वहिनीची भीती आता अगदी आतून कळते. वाजला तरी धस्स होतं. वाजायला उशीर झाला तर त्याहून जास्त.

मागच्या आठवड्यात निखिलचा फोन आला. लायब्ररी आता त्याच्याकडे आहे. म्हणाला, "काकू, मी ती जुनी हाक काढली होती. आमच्याकडच्या सगळ्या टेस्ट केल्या. सगळं चाललं. कुठे काही तुटलं नाही."

"मग?"

"मग परत घातली... सगळं चाललं म्हणूनच जास्त भीती वाटली. आमच्याकडे चाललं, काकू. बाकीचे कुठे दिसतात?"

मी त्याला जेवलास का, एवढंच विचारलं.

परवा आप्पांनी "जेवलो" म्हटलं आणि फोन ठेवलाच नाही. त्यांचा श्वास ऐकू येत होता. इतक्या दिवसांत नेमकी याचीच भीती होती, की एक दिवस ते वेगळंच काही विचारतील. "कुंदे," ते म्हणाले, "तुझी ती नणंद कशी हाय गो?"

"बरी आहे," मी म्हणाले. मग राहवलं नाही. "पण हल्ली फार घाबरते."

मागे त्यांच्या अंगणात कोंबड्या कलकलत होत्या.

"तू हायस ना तिथं," आप्पा म्हणाले, आणि फोन ठेवला.