हेडला तडा कशाने गेला

आमच्या बसच्या इंजिनाच्या हेडला तडा गेला, तो माझ्या यजमानांच्या हाताने गेला की मी दिलेल्या पाण्याने, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर मला येथे शोधायचे आहे. ज्यांना ते मिळायला हवे होते ते आता नाहीत. तरीही लिहिते आहे, कारण चुकीचे उत्तर खरे मानूनच ते गेले.

लातूर तेव्हा नुकतेच जिल्ह्याचे ठिकाण झाले होते. मी शाळेत विज्ञान शिकवीत असे. यजमान दुसऱ्यांच्या गाड्यांवर ड्रायव्हर होते. "जिल्हा झाला. आता माणसं हिंडणार बघ," असे म्हणत त्यांनी लिलावातली एक जुनी बस घेतली आणि तिच्यातून वऱ्हाडे नेऊ लागले. पहिल्याच हिवाळ्यात इंजिनाचे ऑइल ताकासारखे पांढरट झाले. त्याचा अर्थ, ऑइलमध्ये पाणी उतरत होते. हेड म्हणजे इंजिनाचे झाकण. ते थंड राहावे म्हणून त्याच्या पोटातून पाणी फिरवलेले असते, आणि हेड व खालचे इंजिन यांच्या सांध्यात गॅस्केट नावाचा एक पातळ थर बसवतात. आमचे गॅस्केट फुटले होते.

यजमानांनी ते अंगणातच बदलायचे ठरवले. समोरच्या गॅरेजचे मिस्त्री रस्ता ओलांडून पाहायला आले.

"ड्रायव्हरसाहेब, स्टेअरिंग सोडून हे काय करून राहिले?"

"शिकून राहिलो."

"कोणापाशी?"

"ही काय मास्तरीण बसली समोर. पुस्तकात बघून सांगती."

"पुस्तकात बघून बोल्ट आवळतेत व्हय? त्याला हात लागतो हात!" मिस्त्री हसून परत गेले.

पुस्तक इंग्रजी होते. मी त्यातला क्रम वाचून दाखवला: मधल्या बोल्टांपासून सुरुवात करून आलटून पालटून कडेकडे जायचे, आणि एकदम पूर्ण न आवळता तीन फेऱ्यांत आवळायचे. चूक होऊ नये म्हणून प्रत्येक बोल्टाजवळ मी खडूने आकडा लिहिला. हेड बसवण्यापूर्वी त्याच्या पाण्याच्या भोकांतून विणकामाची सुई घालून पाहिली. ती सगळीकडे सहज फिरली. ताकद मोजणारा पाना मात्र आमच्याकडे नव्हता. साध्या पान्याला पाइपाचा तुकडा जोडून, हाताला येईल त्या अंदाजाने यजमानांनी बोल्ट आवळले. इंजिन सुरू झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मिस्त्रींना मुद्दाम बसमधून बाजारापर्यंत नेऊन आणले.

पुढच्या वर्षी पाऊस झाला नाही, आणि घरात पाण्याच्या दोन जाती पडल्या. टँकरचे ते प्यायचे. गल्लीतल्या बोअरचे, जिभेला खारट लागणारे, ते वापरायचे. भांडी, कपडे, अंघोळ, म्हैस यांच्यासाठी वापरायचे पाणी. आमच्या भागात तेव्हा ही वाटणी घरोघरी होती आणि ती बायकांच्या हाती असे. बसही आपोआप वापरायच्या पाण्यात गेली. तिचा रेडिएटर गळका होता, तिला रोज दोन बादल्या लागत. एका सकाळी यजमान बादली हातात घेऊन थबकले.

"टँकरचं घालावं का गं हिच्यात?"

"अहो, माणसांना पुरेना, आणि बसला गोडं पाणी?"

"हाव, ते बी खरंच. तिला कुठं चव कळती."

त्याच महिन्यात मी मुलांना दुष्फेन पाणी शिकवले होते. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही त्यात क्षार अधिक असतात व उकळल्यावर ते भांड्याला चिकटतात, असे फळ्यावर लिहून दिले होते. फळ्यावरचे ते वाक्य आणि अंगणातली ती बादली यांचा संबंध माझ्या मनात जुळला नाही.

उन्हाळ्याच्या सुटीत भोकरकडे एक वऱ्हाड न्यायचे होते, म्हणून मीही बरोबर निघाले. नांदेड मागे पडल्यावर इंजिनाच्या तापमानाचा काटा तांबड्या पट्टीत गेला आणि बॉनेटमधून वाफ येऊ लागली. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतले तरी हेड तडकते, म्हणून यजमानांनी बस लिंबाखाली उभी केली आणि कोणालाही रेडिएटरच्या झाकणाला हात लावू दिला नाही. वऱ्हाड बौद्ध कुटुंबाचे होते. नवऱ्या मुलाची आत्या म्हणाली, "निवू द्या गाडी सावकाश. आमच्यात मुहूर्त न्हाई." आणि थोड्या वेळाने, "पण भूक हाय बरं का, दादा!" सगळे हसले. मी घड्याळ पाहिले होते. चाळीस मिनिटे थांबून मगच पाणी घातले. तरीही इंजिन सुरू करताच रेडिएटरमध्ये बुडबुडे उठू लागले, म्हणजे इंजिनातला धूर पाण्यात शिरत होता. वऱ्हाड दुसऱ्या गाडीने गेले. बस आम्ही ओढून लातूरला आणली.

हेड उघडले, तेव्हा दोन व्हॉल्व्हांच्या मध्ये केसाएवढा तडा होता. मिस्त्री वाकून म्हणाले, "म्या म्हणलं न्हवतं? एक बोल्ट कमी, एक जास्त. हेड तिथंच ताणतं." मी गॅस्केट उचलून उन्हात धरले. ते कोठेही जळलेले वा फुटलेले नव्हते. त्या वेळी मला त्याचा अर्थ कळला नाही.

आठवड्याने बाजारातून येताना मी पाहिले, आम्ही भंगारात दिलेले तेच हेड भंगारवाला घणाने फोडत होता. फुटलेल्या तुकड्याच्या आत पाण्याच्या वाटेत चुन्यासारखा पांढरा थर होता, बांगडीएवढा जाड. काही भोके पूर्ण बुजली होती. मी रस्त्यात उभी राहिले आणि सगळे एका क्षणात समजले.

घरी गेले ते सांगायचे ठरवूनच. यजमान ओसरीवर बसले होते. पान्यांची पेटी जागेवर नव्हती.

"मिस्त्रीला देऊन टाकली," ते म्हणाले. "त्याचं खरं निघालं. माझ्या हाताला न्हाई ते काम."

तोंडापर्यंत आलेले वाक्य मी गिळले. ते बोलणे म्हणजे बादलीतले खारे पाणी मीच घालायला लावले, हे कबूल करणे होते. मी म्हटले, "जेवायला बसा." उद्या सांगू, असे स्वतःला समजावले.

तो उद्या मी येऊ दिला नाही. बस मोडीत गेली. यजमान नांदेडला दुसऱ्यांच्या बसवर ड्रायव्हर झाले, निवृत्तीपर्यंत. पुढे घरातला पंखा उघडायचा झाला तरी ते म्हणत, "बोलव कोणाला तरी. माझा हात खराब हाय." शेवटच्या आजारपणात नातवाची सायकल अंगणात पडून होती, तिचा साधा नट त्यांनी आवळला नाही. मी शेजारी बसले होते, आणि तेव्हाही बोलले नाही.

आता उत्तर. बोल्ट कमीजास्त आवळले असते तर माझ्या समजुतीने गॅस्केट आधी गळले असते. ते शाबूत होते. गरम इंजिनात घाईने पाणी ओतले गेले नाही. पहिल्या दुरुस्तीच्या वेळी पाण्याच्या वाटा मोकळ्या होत्या, नंतर त्या बुजल्या. रेडिएटर गळका असल्याने रोज नवे पाणी आणि त्याबरोबर रोज नवे क्षार आत जात होते. वाटा बुजल्यावर हेडला थंडावा मिळेना आणि ते तापून तडकले. म्हणून माझ्या मते तडा पाण्याने गेला. त्यांचा हात चांगला होता.

परंतु हे सांगणारी मीच ते पाणी देणारी आहे, आणि इतकी वर्षे गप्प बसलेल्या माणसाच्या साक्षीवर विसंबू नये. ज्यांच्याकडे जुने इंजिन आहे त्यांनी रेडिएटरमध्ये घालतो ते पाणी एका स्वच्छ पातेल्यात पूर्ण आटवावे आणि तळाशी काय उरते ते पाहावे. हेड उघडाल तेव्हा गॅस्केट आणि पाण्याच्या वाटा, दोन्ही तपासा. माझे चुकले आहे की बरोबर, हे कृपया तुम्ही स्वतः पडताळून पाहा.