रेडीच्या दाव्यातलं घड्याळ

धारोष्ण दुधाच्या फेसाला एक वास असतो. वैरणीचा, उबेचा, जनावराच्या अंगाचा. कळंब्याच्या माझ्या माहेरी हा वास संध्याकाळी गोठ्यातून निघून थेट माजघरापर्यंत येतो आणि माझ्या डोळ्यांपुढे वडिलांचे, आबांचे हात उभे राहतात. त्या हातांनी जन्मभर म्हशींची निगराणी केली. मग एका हिवाळ्यात त्यांना दूध काढायची कासंडी ओळखू येईना, जिभेवर माणसांची नावं येईनात, आणि पाय मात्र वाट फुटेल तिकडे चालू लागले.

स्मृती जाते तेव्हा ती एकटी का जाते? घरातल्या कुणा बाईची झोपही ती सोबत घेऊन जाते. आमच्याकडे ती झोप वहिनीची होती. आबांच्या मागे धावून ती वाळून चालली होती, म्हणून मी घड्याळ आणलं. मनगटावर बांधायचं, आणि माणूस कुठे आहे ते घरच्यांच्या मोबाइलवर हिरव्या ठिपक्यानं दाखवणारं. केवढा दिलासा होता त्या एवढ्याशा ठिपक्यात! वहिनी दुपारी पाठ टेकू लागली. यंत्राला हृदय नसतं म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एखाद्या म्हाताऱ्या जिवाची उस्तवार एकदा करून पाहावी, असं मला तेव्हा वाटे, आजही वाटतं.

दादानं दुभत्या म्हशींच्या गळ्यात तसेच काळे पट्टे बांधले होते. म्हैस आजारी पडली, माजावर आली, की त्याच्या मोबाइलवर कळायचं. आबा ते पट्टे तासन् तास न्याहाळत बसत. धाकट्या रेडीच्या गळ्यात मात्र नुसतं दावं होतं.

त्या दुपारी ठिपका गोठ्यात होता. मी तो शहरातल्या कचेरीतून पाहिला, वहिनीनं अंथरुणावरून पाहिला, आणि आम्ही दोघी निश्चिंत झालो. उन्हं कलली तेव्हा एक अनोळखी माणूस आबांना मोटारसायकलवर बसवून दारात आला. आबा चिंब भिजलेले होते. "पावणं, म्हातारं तळ्यात कमरंएवढ्या पाण्यात उभं हुतं की! म्हसरांस्नी हाका मारत हुतं," तो दादाला म्हणाला. आबांचं मनगट मोकळं होतं. घड्याळ सापडलं ते रेडीच्या दाव्यात, जुन्या सरावाच्या पक्क्या गाठीनं बांधलेलं.

वहिनीनं डोळे पुसत विचारलं तर आबा म्हणाले, "ल्हान हाय ती. चुकली तर कुठं हुडकायची? म्हून बांधलं."

वहिनीनं हे फोनवर सांगितलं तेव्हा मला रडू आवरेना. आम्ही त्यांना हरवलेलं माणूस समजत होतो, आणि ते अजूनही दुसऱ्या जिवाची राखण करत होते! सगळं विसरलेल्या त्या मनात काळजी तेवढी शाबूत होती. ती मागं का राहावी, हे मला आजही कळलेलं नाही.

त्या थंडीनं भरलेली आबांची छाती पुन्हा मोकळी झाली नाही. त्यांनी अंथरूण धरलं. आता खाली हवेची गादी आहे. तिच्यामुळे पाठीला जखमा होत नाहीत, हे उपकारच. पण कूस वहिनीच बदलते, तोंड तीच पुसते, आणि तिची स्वतःची कंबर धरते तेव्हा मोबाइलवर कुठलाच ठिपका उमटत नाही. आता फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलंय.

घड्याळ रेडीच्याच दाव्यात आहे. आबांनी ते काढू दिलं नाही. वहिनी रोज ते चार्ज करते आणि पुन्हा बांधून येते. संध्याकाळी फेसाचा वास माजघरात शिरला की आबांच्या मिटल्या पापण्या हलतात. वहिनी बोटानं थोडा फेस त्यांच्या ओठांना लावते.

"रेडी हाय न्हवं?" ते पुटपुटतात.

"हाय की, आबा. गोठ्यातच हाय. ह्ये बघा," म्हणत ती मोबाइल त्यांच्या डोळ्यांपुढे धरते. तो हिरवा ठिपका पाहून त्यांचा श्वास जरा संथ होतो. ठिपक्याखाली अजून आबांचंच नाव आहे. ते बदलायला माझा हात धजत नाही.